लगत कायम वस्ती नाही

ग्रामपंचायतीच्या फलकावरचा कागद रजनीने एकदा वाचला, चष्मा ओढणीने पुसला आणि पुन्हा वाचला.

खरं तर ती आली होती कचऱ्याच्या गाडीचं विचारायला. गाडी गावात फिरायची, पण ओढ्याच्या अंगाला काही वळायची नाही. कचेरीत जेवणाची सुट्टी होती म्हणून ती बाहेर फलक वाचत उभी राहिली, नाहीतर असले कागद कोण वाचतं! पाणीपट्टीची सूचना, कुत्र्यांच्या लसीचं पत्रक आणि त्या दोहोंच्या मधोमध एक नवाकोरा कागद. ओढ्यापलीकडे शेखरची शेती होती. भात काढून झालं होतं आणि त्या रिकाम्या खाचरांत पुण्याची कुणी मंडळी दोन दिवस गाण्याबजावण्याचा कार्यक्रम करणार होती. तंबू ठोकून मुक्काम, रात्री दहापर्यंत कर्णे. त्यासाठी पंचायतीचा ना हरकत दाखला मागितला होता. खाली पंचांनी केलेल्या पाहणीच्या चार ओळी होत्या. पाण्याची सोय आहे. रस्ता आहे. गाड्या लावण्यास पडीक जागा आहे. आणि मग, सदर जागेलगत कायम वस्ती नाही.

रजनीच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच खाचरांवर उघडायची. सकाळी चहाला उकळी येईपर्यंत ती शेखरच्या बांधावरचे बगळे बघत असे. मुठा खोऱ्यातल्या या गावात येऊन तिला सहा वर्षं होत आली होती आणि तेव्हापासून पुण्यात तिने एक रात्रही काढली नव्हती.

आत ग्रामसेविका अपूर्वा डबा उघडून बसली होती. पोरगी परभणीकडची, नेऱ्याला खोली करून राहायची आणि रोज स्कूटरवरून एवढं अंतर तुडवत यायची.

"जेवताना त्रास देतेय, पण बाहेरच्या कागदावरचं एक वाक्य चुकलंय," रजनी म्हणाली.

"कोणतं हो?"

रजनीने सांगितलं.

"म्हणजे कार्यक्रमाला तुमची हरकत आहे?"

"नाही. गाणी खुशाल होऊ देत. वाक्य चुकलंय."

अपूर्वाने भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "काकू, वाक्याला हरकत असा प्रकार आमच्याकडे नाही. हरकत आहे किंवा नाही, दोनच."

"मग आहे असं लिहा."

संध्याकाळी तिने कुंदाला फोन लावला.

कुंदा कोण, हे सांगायचं तर प्रयोगशाळेपासून सुरुवात करायला हवी. पुण्यातल्या एका सरकारी प्रयोगशाळेत या दोघी शेजारशेजारच्या टेबलांवर बसून नोकरीभर तापमापक तपासत राहिल्या. दवाखान्यांचे, दूध डेऱ्यांचे, शीतगृहांचे. आलेला तापमापक खरं सांगतो की खोटं, आणि खोटं सांगत असेल तर कितीने, एवढंच काम. रजनीने लग्न केलं नाही. कुंदाने केलं, पण नवरा लवकर गेला. निवृत्त झाल्यावर दोघींनी पैसे एकत्र करून ओढ्याकाठी हा तुकडा घेतला आणि त्यावर बैठं घर बांधलं. चार वर्षं मजेत गेली. मग कुंदाचा गुडघा गेला आणि मुलाने तिला ऑपरेशनसाठी नाशिकला नेलं. पाऊस सरला की येते, म्हणाली. मग म्हणाली, दिवाळी होऊ दे. मग नातवाची परीक्षा निघाली. हल्ली ती काहीच म्हणत नसे आणि रजनीही विचारत नसे. कुंदाच्या खोलीतली चादर मात्र ती दर पंधरवड्याला बदलायची.

"लगत वस्ती नाही, असं लिहिलंय, कुंदे."

"अय्या! मग तू कोण, हडळ?" कुंदा खो खो हसली.

"हसतेस काय?"

"बरं बाई, नाही हसत. पण रजे, गाणीच आहेत ना? बस की खिडकीत, ऐक फुकट."

"गाण्यांचं काही नाही गं. पण उद्या कुणी हा कागद काढला तर त्याला वाटेल, इथे माणूसच राहत नाही. आपण राहतो की."

'आपण' म्हटल्यावर पलीकडून नुसतं 'हं' आलं. मग नातू आजीला हाका मारायला लागला आणि फोन ठेवावा लागला.

रजनीने ओट्यावर कोरा कागद घेतला. तिला दुसरं काही नको होतं. या ओढ्याकाठी वस्ती आहे, एवढं एक वाक्य हवं होतं, आणि ते पंचायतीच्या शिक्क्यासकट हवं होतं. आपला हट्ट जरा जास्तच होतोय हेही तिला कळत होतं. तरी तिने अर्ज लिहिला, वाचला, एक शब्द बदलून पुन्हा लिहिला.

सभेला पंचायतीच्या खोलीत बरीच माणसं जमली होती. शेतमालक शेखर पुढच्याच खुर्चीवर होता. चाळिशीचा, अंगाने आडवा, स्वभावाने मोकळा. शेजारी कार्यक्रम करणारा पियूष, डोक्यावर केसांचा बुचडा बांधलेला. भिंतीला टेकून म्हातारे पंच गेणबा बसले होते. पहिली पाहणी त्यांचीच.

अपूर्वाने हरकत वाचून दाखवली तसा शेखर मागे वळला. "काकू, दोन दिसाचा तर कारेक्रम हाय. तुमाला काय तरास व्हनार हाय?"

"त्रास नाही."

"मग हरकत कशापायी? मनात आसंल त्ये सरळ सांगा की. पास पायजेत का?"

खोलीत हशा पिकला. पियूषने घाईघाईने हात वर केला. "काकू, साउंड आम्ही पूर्ण लिमिटमध्ये ठेवणार आहोत. पंचावन्न डेसिबल."

"कुठे मोजलेले?"

"म्हणजे... मोजलेलेच."

"कर्ण्यापाशी पंचावन्न असतील, तर तुमच्या श्रोत्यांना गाण्यापेक्षा शेजारच्याचं बोलणं जास्त ऐकू येईल," रजनी म्हणाली. "पंचावन्न हवेत ते जवळच्या घरापाशी. आणि जवळचं घर माझं आहे. कागदात ते नाही, एवढंच मी म्हणतेय."

"कसं आसंल?" गेणबा भिंतीपासून म्हणाले. "आमी सोता जाऊन बगितलंय. म्या आन दुसरा पंच कोंडाजी. फाटक बंद, दार बंद. बंगलेवाली मंडळी शनवार-रैवार यत्यात, कोंबडी भाजत्यात आन जात्यात. त्याला काय वस्ती म्हनायची व्हय?"

"मी रोज असते."

"आसाल. दिसत तर न्हाई कुटं."

 गावात दिसायचं कसं असतं, हे रजनीला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी अपूर्वाने तोड काढली. उद्या सकाळी पुन्हा पाहणी करू, दाखल्याचं मग बघू. शेखरने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी रजनी उजाडायच्या आत उठली. केर काढला, पोहे भिजवले, चहाचं आधण मोजून ठेवलं. बाहेरच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, एक कमी पडली ती कुंदाच्या खोलीतून आणली. फाटकावरची बेल वाजते ना, म्हणून स्वतः बाहेर जाऊन वाजवून पाहिली. मग आत येऊन बसली.

ऊन ओसरीवर आलं तशी रस्त्यावर बोलणी ऐकू आली. तिने गॅस पेटवला. बेल वाजली नाही. बोलणी थांबली, पुन्हा सुरू झाली, आणि मग चक्क लांब जायला लागली. पडदा सारून बघते तो गेणबांची पाठ! त्यांच्या पुढे शेखर, आणि अपूर्वा स्कूटर वळवत होती.

रजनी गॅस बंद करून अनवाणी धावली. "अहो! अहो, थांबा! निघालात कुठे?"

गेणबांनी वळून तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "आस्सं! हायेत की घरात."

"मग बेल का नाही वाजवलीत?"

"दार लावल्यालं हुतं."

"दार लावलेलं असतं म्हणूनच तर बेल असते ना!"

"ती पार्सलवाल्यांची," गेणबा म्हणाले. लहान पोराला समजवावं तसे ते सावकाश बोलायला लागले. "बाई, दिसाउजेडी ज्याचं दार उगडं त्यो घरात. मान्सानं रस्त्यावरनं हाळी द्यायाची, आतल्यानं व्हय म्हनायचं. दार लावलं म्हंजी घरात मानूस न्हाई, न्हाईतर त्याला कुनी नकोय. मग तितं जाऊन कशाला बडवायचं?"

"पण संध्याकाळी दिवे लागतात की माझे!"

"काकू, त्ये समद्याच बंगल्यांचं लागत्यात," शेखर म्हणाला. "आपोआप लागत्यात, आपोआप इजत्यात. तितं कुत्रं बी नसतं."

"कपडे वाळत असतात."

"मागल्या अंगाला. दिसनार कसं?"

गेणबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "आन खरं सांगू का? राग मानू नका. तुमाला पिशवी घिऊन यष्टीला यकलं उबं ऱ्हायल्यालं बगितलंय म्या. पर मला वाटायचं, मालकीन पुन्यात हाय आन ही बाई राखनीला ठिवलीया."

अपूर्वाने तोंड दुसरीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते. रजनीही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. इतकी वर्षं ती दार लावून बेल वाजायची वाट बघत होती, आणि हे लोक दार उघडं दिसायची. दोन्हीकडून रीतच पाळली गेली होती, चूक म्हणावी तर कुणाचीच नव्हती.

मग मोजायची टेप निघाली. ओसरीच्या पायरीपासून कुंपणापर्यंत, कुंपणापासून ओढ्यापर्यंत, ओढा ओलांडून शेखरच्या बांधापर्यंत. अपूर्वा आकडे लिहीत होती. रजनी एक टोक दगडावर पक्कं दाबून धरायची आणि ओरडायची, "ताणा! झोळ पडलाय मधे!" शेखर ताणायचा. "आता बगा! आता तर सरळ हाय का न्हाई? का म्हैस बांधू टेपला?" टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी असणं, हे ती विसरूनच गेली होती. सगळं मिळून दीडशे मीटरही भरलं नाही. बांधावरच्या गवतातून परत येताना तिच्या सलवारीच्या काठाला कुसळं लागली होती, तिने ती झटकली नाहीत.

ओसरीवर सगळे टेकले, रजनी पोहे फोडणीला टाकून आली. अपूर्वाने मांडीवर पॅड घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचत गेली. "पूर्वेस ओढ्यालगत घर. बांधकाम पक्कं. वापर कायम." मग मान वर केली. "राहणारे किती, काकू?"

"फाटकाच्या पाटीवं दोन नावं हायेत," शेखरने परस्पर सांगून टाकलं.

अपूर्वाचं पेन कागदावर टेकलं.

रजनीच्या जिभेवर तोच आकडा होता. दोन खोल्या, दोन पलंग, आताच बदललेली चादर. घराच्या कागदांवर दोघींच्या सह्या. नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं, कुणी कपाट उघडून बघणार नव्हतं. पण आयुष्यभर तिने तापमापकावर दिसलं त्याहून वेगळं वाचन कधी मांडलं नव्हतं, आणि हे वाक्य दुरुस्त करा म्हणून माणसं तिनेच बोलावली होती.

"एक मिनिट हं. पोह्यांकडे बघते," म्हणत ती आत गेली. तिने कढईवर झाकण ठेवलं आणि फोन लावला.

"कुंदे, माणसं किती सांगू?"

"कसली माणसं?"

"इथे राहणारी. ग्रामसेविका बसलीय बाहेर. लिहायचंय तिला."

पलीकडे कसलंसं कार्टून मोठ्याने चालू होतं. दार लागल्याचा आवाज आला आणि ते बंद झालं. कुंदा दुसऱ्या खोलीत गेली असावी.

"तू काय सांगणार होतीस?"

"मी तुला विचारतेय."

"रजे, अंदाजाने वाचन लिहायचं नाही, असं तूच ओरडायचीस ना सगळ्यांना?"

"म्हणून तर विचारतेय."

कढईतून वाफ यायला लागली. बाहेर शेखर कुणाला तरी फोनवर सांगत होता, झालंच, झालंच, पाच मिंटं.

"एक लिही," कुंदा म्हणाली. आणि लगेच, घाईघाईने, "अगं, गुडघा म्हणजे काय झालंय, डॉक्टर म्हणतात की चढउतार..."

"पायरी एकच आहे आपल्याला," रजनी म्हणाली. मग तिलाच ते बोलायला नको होतं असं वाटलं. "असू दे गं. पोहे लागतायत खाली. ठेवते."

बश्या घेऊन ती बाहेर आली. "एक," तिने सांगितलं.

अपूर्वाने लिहिलं.

"आन ती पाटीवची दुसरी बाई?" गेणबांनी विचारलं. पंच होते, विचारायचा त्यांना हक्क होता.

"ती नाशिकला असते."

"कायम?"

रजनीने त्यांच्या हातात बशी दिली. "कायम."

गेणबांनी पोह्यांचा घास घेतला, चावला. "मीठ कमी हाय," म्हणाले. रजनीने मीठ आणून दिलं.

दाखला मिळाला. नवा कागद फलकावर लागला तेव्हा ती मुद्दाम जाऊन वाचून आली. पूर्वेस ओढ्यालगत एक घर, कायम वस्ती, व्यक्ती एक. सदर वस्तीस उपद्रव होऊ नये म्हणून कर्ण्यांची तोंडे पश्चिमेस ठेवावीत, या अटीवर ना हरकत. तिने सवयीने दोनदा वाचलं. दुरुस्त करावं असं त्यात काही नव्हतं.

मधल्या दिवसांत तिने दार उघडं ठेवून पाहिलं. पहिल्या दिवशी शेखरची कोंबडी आत आली. दुसऱ्या दिवशी एक कुत्रं येऊन ओसरीवर झोपलं. एकदा रस्त्यावरून कुणी बाई जाताना तिच्या दाराकडे बघून थबकली, पण हाळी काय द्यायची हे बहुधा तिलाही सुचलं नसावं. पुढे चालू लागली.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारपासून गाड्या यायला लागल्या. ओढ्यापलीकडे रंगीत तंबू उभे राहिले, बांधाबांधाने पोरंपोरी हिंडायला लागली, बगळे कुठे गेले कळलं नाही. दिवस मावळायच्या बेताला मंचावर निळेजांभळे दिवे लागले. रजनीने खुर्ची ओसरीवर आणली, शाल घेतली आणि बसली. समोरची माणसं हात वर करून डोलताना दिसत होती. गाणं ऐकू येत नव्हतं.

असं होणार हे तिला आधीच कळायला हवं होतं. कर्ण्याचं तोंड फिरवलं की वरचे सूर त्याच्याबरोबर जातात. शब्द, गळा, बासरी, सगळं पुढे जातं. मागे येतात ते फक्त खालचे सूर. त्यांना तोंड-पाठ नसते, ते चहूकडे पसरतात. धप्, धप्, धप्. छातीच्या फासळ्यांना लागत होतं, कानाला नाही. तिच्यासाठी म्हणून गाणं पलीकडे वळवलं होतं आणि ठोका तेवढा उरला होता.

रस्त्यावरून म्हशी घेऊन गेणबा चालले होते. फाटकाशी थांबून त्यांनी हाळी दिली. "बाई! हायसा न्हवं?"

"आहे!" रजनी उठून पुढे गेली.

"आवो, कर्नं पार आमच्या वाडीकडं फिरिवलं की! फळीवची भांडी वाजाया लागली. म्हातारी शिव्या घालतीया मला."

"पंच तुम्हीच होतात."

"व्हय की! तुमचं घर लिवलं, आन आमचं लिवायचं ऱ्हायलं!" गेणबा हसले. त्यांना अजून काही बोलायचं असावं, पण म्हशी थांबायला तयार नव्हत्या. "ए हो, हो!" करत ते त्यांच्यामागे गेले.

ती खुर्चीकडे परतली तर फोन वाजत होता. त्या सकाळनंतर कुंदाने आपण होऊन केलेला हा पहिला फोन.

"सुरू झालं का गं?"

"झालं."

"ऐकव की मला."

असले खालचे सूर फोनला पेलत नाहीत, तो ते वाटेतच टाकून देतो, हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी रजनी पायरी उतरून कुंपणापर्यंत गेली आणि तिने फोन हातभर लांब, ओढ्याच्या दिशेने धरला. हात अवघडेपर्यंत धरला. मग कानाशी आणला.

"काहीच येत नाही," कुंदा म्हणाली.

"नाहीच येत."

"मग तू काय ऐकतेयस?"

"ठोका. तेवढाच येतो इथपर्यंत."

कुंदाने फोन ठेवला नाही. रजनीनेही ठेवला नाही. पलीकडे नाशिकच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी म्हणालं, "आई, ताटं घेतली," आणि ते अगदी स्वच्छ ऐकू आलं.